वृद्धाश्रमातली देखभाल कशी तपासावी : बेळगाव सीमाभागातल्या कुटुंबांसाठी टप्प्याटप्प्याने

पुण्या-मुंबईहून किंवा गोव्याहून मुलगा-सून शनिवारी रात्री बेळगावात येतात. रविवारी सकाळी अकराला दोन वृद्धाश्रम बघतात. मॅनेजरच्या खोलीत चहा होतो, फरशी चकचकीत दिसते, बागेत झोपाळा असतो. दुपारी डिपॉझिट भरून होतं आणि रात्रीची बस गाठली जाते. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कुठलंही घर घ्या, थोड्याफार फरकाने हेच घडतं. घाई समजण्यासारखी आहे, सुट्टी मिळत नाही. पण रविवारी सकाळी अकरा ही कुठल्याही वृद्धाश्रमाची सगळ्यात नीटनेटकी वेळ असते. अंघोळी उरकलेल्या असतात, चादरी बदललेल्या असतात, माणसंही हजर असतात. देखभाल कशी आहे हे संध्याकाळी सातनंतर कळतं आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांच्या अंगावर दिसतं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पैसे सहाव्या टप्प्यावर येतात, त्याआधी नाहीत.

१. आधी घरी बसून गरज लिहून काढा

‘आईला बघणारं कुणीतरी पाहिजे’ एवढं सांगून चालत नाही. एका कागदावर लिहा : स्वतः उठून बसता येतं का, चालताना आधार लागतो का, संडासला कमोड लागतो का, लघवीवर ताबा आहे का, जेवण स्वतः जेवतात की भरवावं लागतं, पाणी पिताना ठसका लागतो का, रात्री किती वेळा उठतात, घराबाहेर निघून जाण्याची सवय आहे का, आधी कधी पडल्या आहेत का. शेजारी गोळ्यांची यादी, वेळेसकट. इन्सुलिन असेल तर किती युनिट आणि जेवणाआधी किती वेळ. अॅलर्जी असेल तर तांबड्या शाईने.

वजन करून तारखेसह लिहा. पुढे हा आकडा फार उपयोगी पडतो आणि नेमका तोच कुणाकडे नसतो.

सीमाभागात आणखी एक कागद लागतो, शब्दांचा. सांभाळणाऱ्या बायका-पोरं बहुतेक कन्नड बोलणारी असतात, काही ठिकाणी हिंदी. धडधाकट माणूस खाणाखुणांनी निभावून नेतो. स्मृतिभ्रंश झालेल्याला मोठेपणी शिकलेली भाषा बहुतेकदा आधी सोडून जाते आणि लहानपणची बोली उरते. आजी ‘परसाकडं जायाचं हाय’ म्हणत राहिल्या आणि समोरच्या मुलीला ते कळलंच नाही, तर पाच मिनिटांनी कपडे खराब होतात आणि वहीत ‘ताबा नाही’ अशी नोंद होते. दुसऱ्या दिवसापासून डायपर. म्हणून आपलं माणूस दुखणं, तहान, लघवी, गरगरणं यांसाठी कोणते शब्द वापरतं ते लिहा आणि समोर कन्नड शब्द लिहा : दुखतंय म्हणजे नोवु, पाणी म्हणजे नीरु, जेवण म्हणजे ऊटा. ओळखीच्या कन्नड शेजाऱ्याकडून कन्नड लिपीतही लिहून घ्या. हा कागद खाटेच्या डोक्याशी चिकटवायचा आहे.

सावध : ज्यांना ठेवायचं आहे त्यांना विचारल्याशिवाय ही यादी पूर्ण होत नाही. सकाळी किती वाजता चहा लागतो, कोणता देव पूजेत असतो, कुणाशेजारी बसायला आवडतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. वडिलांपासून लपवून ठिकाण ठरवू नका.

२. फोनवरच चाळणी लावा

चार-पाच ठिकाणी फोन करा आणि हे विचारा. अंथरुणाला खिळलेला माणूस घेता का? आत्ता असे किती आहेत? रात्री ड्युटीवर किती जण असतात आणि त्यातले जागे किती? इन्सुलिन कोण देतं? डॉक्टर कोणत्या वारी येतात? माणूस जास्त आजारी झाला तर कुठल्या दवाखान्यात नेता?

शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, अथणी-कागवाडकडून मिरज सवयीचं, खानापूरकरांना बेळगावच. बेळगावात बिम्स हे सरकारी रुग्णालय आहे, केएलईचंही रुग्णालय आहे. १०८ला फोन लावला तर गाडी साधारणपणे आपल्याच राज्यातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या दवाखान्याकडे नेते. तुमचे डॉक्टर मिरजेला किंवा कोल्हापूरला असतील तर खासगी अॅम्ब्युलन्स कोण बोलावणार, पैसे कोण भरणार आणि तुमच्याकडचं आरोग्य योजनेचं कार्ड त्या दवाखान्यात चालतं का, हे आजच दवाखान्यात फोन करून विचारून ठेवा. रात्री दोन वाजता हे ठरवायला बसायचं नसतं.

‘सगळं होतंय, तुम्ही या तरी’ एवढंच उत्तर मिळालं तर ते ठिकाण यादीत खाली घाला.

३. पहिली भेट : राहणाऱ्यांकडे बघा

ही भेट सांगून द्या, जेवणाच्या वेळेला. मॅनेजरच्या खोलीत दहा मिनिटं पुरे. बाकीचा वेळ खोल्यांमध्ये. राहणाऱ्यांच्या खोलीत शिरताना त्यांची परवानगी घ्या, ते त्यांचं घर आहे.

आधी वास. लघवीचा शिळा वास येत असेल तर डायपर वेळेवर बदलत नाहीत. फिनेलचा इतका उग्र वास की डोळे चुरचुरतात, तर तो नुकताच तुमच्यासाठी मारलेला असू शकतो. एका कोपऱ्यात, एका वेळेपुरता वास हरकत नाही, तो सगळीकडेच असतो.

मग माणसं. नखं वाढलेली आहेत का, नखांत मळ आहे का. पुरुषांची दाढी. तोंड : ओठांना भेगा, जीभ कोरडी पांढरी, म्हणजे पाणी कमी पडतंय. कवळी तोंडात आहे की डबीत पडून आहे. चष्मा पुसलेला आहे का. कानातल्या मशीनला सेल आहे का. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी लक्ष द्यावं लागतं. म्हणूनच त्या सगळ्यात आधी सुटतात.

पाण्याचा पेला कुठे ठेवलाय ते बघा. भरलेला पेला खिडकीत आणि आजोबा खाटेवर, हात पोचत नाही, हे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. वहीत मात्र ‘पाणी दिले’ असतं.

अंथरुणाला खिळलेला माणूस असेल तर तिथे जास्त वेळ थांबा. पडून राहणाऱ्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, कुल्ला, खुबा आणि टाचा इथे जखमा होतात. एअर बेड आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. त्याचा छोटा पंप खाटेच्या पायथ्याशी लटकलेला असतो. तो सुरू आहे का, दिवा लागलाय का बघा, गादीला हात लावा. बंद पंपाची गादी साध्या रबरी चादरीएवढीच. आणि एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते.

तपासा : तिथल्या माणसाची आणि नर्सची परवानगी असेल तर टाच बघा. लालसर डाग दिसला तर बोटाने हलकं दाबून सोडा. दाबल्यावर रंग फिका पडून परत आला तर ठीक. दाबूनही लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा मऊ लागतंय का बघा. एखाद्याला जखम असणं हा लगेच त्या जागेचा दोष नव्हे, दवाखान्यातूनच जखम घेऊन आलेले पुष्कळ असतात. विचारा : कधीपासून आहे, कोण ड्रेसिंग करतं, आधीपेक्षा कमी आहे का. उत्तर तारखेसह आलं तर चांगलं लक्षण.

लघवीची पिशवी लावलेली असेल तर ती मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, खाटेच्या कडेला अडकवलेली हवी. जमिनीवर लोळणारी नको आणि पोटावर ठेवलेली तर मुळीच नको. नाकातल्या नळीने भरवतात तेव्हा डोकं आणि छाती वर उचललेली हवी आणि नंतरही निदान अर्धा तास तशीच. सपाट झोपवून भरवलं की अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

हात खाटेला बांधलेले दिसले तर तिथेच थांबून विचारा. ‘नळी ओढून काढतात म्हणून’ हे उत्तर हमखास येतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय का, किती वेळासाठी, दर किती वेळाने सोडून हात हलवतात, हे पुढचे प्रश्न. कागद नसेल तर ते ठिकाण सोडा. माझं मत याबाबत पक्कं आहे.

जेवण ताटात बघू नका, ताटाच्या नंतर बघा. उचललेल्या ताटांत भाकरी तशीच परत चालली असेल तर दात नसलेल्यांना ती कुणी कुस्करून दिलेली नाही. ताकात किंवा आमटीत कुस्करलेली ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, मऊ भात हे आपल्याकडचं रोजचं जेवण, त्याला वेगळा खर्च नाही. ज्यांना भरवावं लागतं त्यांना बसवून भरवतात का, घास गिळायला वेळ देतात का, की एकच बाई तीन जणांना आळीपाळीने घास कोंबते, हे पाच मिनिटांत कळतं. रात्रीचं जेवण किती वाजता, हेही विचारा. सहाला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता असेल तर मधले साडेचौदा तास मधुमेहाच्या माणसाला धोक्याचे आहेत. रात्री झोपताना दूध-बिस्किटं तरी मिळतात का?

संडास-बाथरूममध्ये स्वतः जा. भिंतीतला दांडा हाताने ओढून बघा, पुष्कळदा तो नुसता शोभेला असतो आणि स्क्रू हलत असतात. फरशी ओली केल्यावर पाय सरकतो का. दाराची कडी बाहेरून उघडता येते का. खाटेपासून संडासपर्यंत रात्री दिवा असतो का. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव पट्ट्यात फरशी वाळत नाही आणि वीजही जाते. पायपुसणी कसली आहेत आणि इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर काय काय चालतं ते विचारा. ऑक्सिजन मशीन आणि एअर बेडचा पंप त्यावर नसेल तर पावसाळ्यात अडचण ठरलेली.

४. वह्या मागा

पाहुण्याला दुसऱ्याचं नाव-आजार दाखवू नये, हे योग्यच आहे. नाव झाकून एक पान दाखवा म्हणा. तीन वह्या महत्त्वाच्या : गोळ्यांची, कूस बदलण्याची आणि पडण्या-झडण्याची.

गोळ्यांच्या वहीत प्रत्येक डोसपुढे वेळ आणि देणाऱ्याची सही हवी. महिनाभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनाने, एकाच हाताने, एका सरळ रांगेत दिसल्या तर त्या बसून एकदमच भरलेल्या आहेत. आणखी सोपी खूण म्हणजे आजच्या तारखेची ओळ. दुपारी चारला गेलात आणि रात्री नऊच्या गोळीपुढेही खूण झालेली असेल, तर त्या वहीचा काही उपयोग नाही.

‘आमच्याकडे कुणी पडतच नाही’ असं सांगणाऱ्यापेक्षा ‘गेल्या महिन्यात दोघे पडले, एकाला एक्स-रेला नेलं, नंतर खाट खाली घेतली’ असं सांगणारा बरा. वृद्ध पडतातच. पडल्यावर काय केलं ते लिहिलेलं असणं हीच देखभाल.

झोपेच्या किंवा शांत करण्याच्या गोळ्या किती जणांना चालू आहेत, हे डॉक्टरांनाच विचारा. दुपारी बारालाही अर्धा हॉल पेंगत असेल तर हा प्रश्न टाळू नका.

इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवायची असते, फ्रीझरमध्ये नाही. उघडलेल्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहिलेली हवी, बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर चारेक आठवडेच वापरतात. फ्रिज उघडून बघायला पाच सेकंद लागतात.

५. दुसरी भेट : न सांगता, दिवेलागणीनंतर

हा टप्पा लोक सगळ्यात जास्त गाळतात. बाहेरगावी असाल तर बेळगावातल्या मामेभावाला, मैत्रिणीला पाठवा, पण संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान, आधी न कळवता. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल याच वेळेला वाढते आणि दिवसपाळी संपून माणसंही कमी झालेली असतात.

आत सोडलं नाही, तर कारण विचारा. भेटीची वेळ संपली हे कारण चालेल, पण मग तुमचं माणूस तिथे राहायला आल्यावर तुम्हाला संध्याकाळी भेटू देतील का, हे लेखी मागा.

आत सोडलं तर फक्त दोन गोष्टी करा. एक, कुणाच्या खाटेजवळची बेल वाजवायला सांगा किंवा कुणी हाक मारत असेल तर घड्याळ बघा, किती वेळाने कोण येतं. दोन, रात्रपाळीच्या बाईशी बोला, मॅनेजरशी नको.

‘अक्का, रात्री किती जण असता?’

‘मी आणि खाली वॉचमन मामा.’

‘आणि पेशंट किती?’

हा आकडा ऐकला की दोन तासांनी कूस बदलणं शक्य आहे की नाही, याचा हिशेब तुम्हीच करू शकता. एकटी बाई दहा खिळलेल्या माणसांना एकटीने उचलू शकत नाही, ती कितीही मायाळू असो. तिला पगार वेळेवर मिळतो का, किती महिन्यांपासून इथे आहे, हेही सहज विचारा. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या माणसांना आजीचं ‘परसाकडं’ कधीच कळणार नाही.

सावध : त्या बाईने सांगितलेलं तिच्या नावाने मॅनेजरला जाऊन सांगू नका. तिची नोकरी जाईल.

६. कागद, पैसे, सही

आता पैसे. पण आधी नोंदणी. संस्था ट्रस्टची आहे की खासगी, ते विचारून नोंदणीचा कागद बघा. आत उपचार चालत असतील, सलाईन, ऑक्सिजन, पेशंट ठेवणं, तर कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालची, म्हणजे केपीएमईची नोंदणी विचारा. प्रमाणपत्र दर्शनी भिंतीवर असायला हवं, मुदत बघा. जिला नर्स म्हणतात ती जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम केलेली की अनुभवावर शिकलेली, हे स्पष्ट विचारा. अनुभवी मावशी उत्तम सेवा करते, पण इन्सुलिन आणि नळीचं काम शिकलेल्या, नोंदणी असलेल्या हातात हवं.

करारनामा कन्नड किंवा इंग्रजीत असतो. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, एक दिवस घरी न्यायला मागा. त्यात बघायचं : महिन्याच्या रकमेत काय येतं आणि काय नाही. डायपर, ड्रेसिंग, फिजिओ, लाँड्री, अॅम्ब्युलन्स, दवाखान्यात सोबत राहणाऱ्या माणसाचा रोज हे बहुतेक वेगळे असतात आणि बिल तिथेच फुगतं. डिपॉझिट किती दिवसांत परत, माणूस महिन्याच्या मध्येच गेला किंवा तुम्ही नेलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे कसे. पैसे चेकने किंवा खात्यावर, पावती घेऊन.

एटीएम कार्ड, पासबुक, कोरी सही, मुखत्यारपत्र यांतलं काहीही संस्थेकडे ठेवू नका. पेन्शनरांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मोबाइलवर चेहऱ्यावरूनही करता येतो, त्यासाठी कागद सोपवायची गरज नाही. घर-शेत नावावर करून ‘शेवटपर्यंत सांभाळू’ असं कुणी सुचवलं, नातेवाईक असो की संस्था, तर वकिलाशिवाय पुढे जाऊ नका. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळलं नाही तर परत मागता येते. पण ती अट दस्तातच लिहून घ्या. पुढे वाद झाला तर तोंडी वचन सिद्ध करणं फार अवघड जातं.

७. पहिला महिना

शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांसाठी ठेवा. दाखल करताना दोन्ही बाजूंसमोर वजन करा आणि अंगावरच्या जखमा, डाग, सूज यांचा तारखेसह फोटो काढा, त्यांना विचारून आणि लाज राखून. यामुळे पुढे ‘हे आधीपासूनच होतं’ हा वाद राहत नाही.

पहिल्या आठवड्यात रडणं, कमी जेवणं, घरी न्या म्हणणं होतं. ते ऐका, पण तेवढ्यावरून लगेच ठरवू नका. याउलट एरवी बोलकं माणूस कर्मचारी खोलीत आल्यावर गप्प होत असेल, अंग चोरत असेल, तर ते गंभीर समजा.

महिन्याने पुन्हा वजन. महिन्यात पाच टक्के किंवा जास्त उतरलं, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलो, तर डॉक्टरांना दाखवा आणि जेवणाची चौकशी करा. माणूस अचानक गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी, साखर उतरणं, नवीन गोळी यांतलं काहीही असू शकतं आणि बहुतेकदा उपचाराने सुधारतं.

बिलातल्या डायपरची संख्या भेटीला गेल्यावर कपाटातल्या पाकिटांशी ताडून बघा. भेटीचा वार आणि वेळ बदलत राहा. परगावी असणाऱ्यांनी व्हिडिओ कॉल करताना फक्त चेहरा बघू नये, पाय, टाचा, अंथरूण दाखवायला सांगावं.

८. खटकलं तर, क्रमाने

आधी त्याच दिवशी प्रमुखाशी बोला आणि तेच लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर चालेल, तारीख राहते. काय बदलणार, कधीपर्यंत, हे मागा. आठवड्यात बदल नाही, तर १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर बोला आणि जिल्ह्याच्या विकलचेतन व ज्येष्ठ नागरिक सबलीकरण खात्याकडे अर्ज द्या. उपचारांबाबत तक्रार असेल तर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. मिळकत किंवा पोटगीचा प्रश्न असेल तर असिस्टंट कमिशनरकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे, खानापूरवाल्यांना बेळगाव, निपाणी-अथणीकडच्यांना चिक्कोडी. पैसे देऊन घेतलेली सेवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांच्या आत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर चौकशी करता येते. अर्ज कन्नडमध्ये असला तर काम लवकर हलतं, कन्नड जाणणाऱ्याकडून लिहून घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं यांपैकी काही असेल तर हा क्रम नाही. आधी माणूस बाहेर काढा, ११२ लावा, सरकारी दवाखान्यात तपासणी करून नोंद करून घ्या.

दुसरीकडे हलवताना गोळ्यांची वही, डॉक्टरांचे कागद आणि शेवटच्या डोसची वेळ यांचे फोटो घ्या, उरलेल्या गोळ्या मोजून ताब्यात घ्या, कवळी, चष्मा, कानातलं मशीन आठवणीने मागून घ्या. खाटेच्या डोक्याशी चिकटवलेला शब्दांचा कागद नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी लावा.